भाजी निवडता निवडता: नव्या आईबाबांसाठी पहिली तीन वर्षं

बारसं झालं की घरात दोन गोष्टींचा ढीग लागतो, दुपट्यांचा आणि सल्ल्यांचा. दुपटी कधीच पुरत नाहीत. सल्ले मात्र मूल शाळेत जाईपर्यंत उरतात. मी डॉक्टर नाही. दोन मुलं वाढवली, पुतण्या-भाच्या अंगाखांद्यावर खेळवल्या आणि काही चुका इतक्या ठसठशीत केल्या की त्या दुसऱ्याने करू नयेत असं वाटतं. पहिल्यांदाच आईबाबा झालेल्यांनी तीन वर्षांत काय करायचं, ते क्रमाने लिहिते आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की मुलाच्या ‘विकासासाठी’ वेगळा तास काढावा लागत नाही. अंघोळ, जेवण, कपड्यांच्या घड्या, भाजी निवडणं या रोजच्या कामांत मूल शेजारी असलं आणि त्याच्याशी बोलणं चालू असलं की बरंचसं काम होऊन जातं. महागडी खेळणी आणि दीड वर्षाच्या पोराचे क्लास यांवर माझा फारसा विश्वास नाही.

आधी ते कार्ड नीट ठेवा

गरोदरपणात मिळालेलं माता-बाल संरक्षण कार्ड प्रसूतीनंतर बऱ्याच घरांत कपाटात जातं. ते बाहेर काढा. त्यात लसींच्या तारखा असतात, कोणत्या महिन्यात मूल काय करायला लागतं याची चित्रं असतात आणि सर्वांत महत्त्वाचा म्हणजे वजनाचा आलेख असतो. मुलींचा आणि मुलांचा वेगळा.

जन्माला बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस बी. मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेला आणि जीवनसत्त्व ‘अ’चा पहिला डोस. तारीख चुकली तर सगळं पहिल्यापासून करावं लागत नाही, राहिलेल्या जागेवरून पुढे जाता येतं. उशीर झाला म्हणून लाजून घरी बसू नका.

वजनाचं म्हणाल तर साधारण पाचव्या महिन्यात जन्मवजनाची दुप्पट आणि वर्षाला तिप्पट होते. पण एका आकड्याला चिकटून बसू नका. शेजारणीचं बाळ गुटगुटीत आणि आपलं किडकिडीत, ही तुलना सर्वांत निरुपयोगी. आलेखावरची रेघ वर चढते आहे ना, ते बघा. सलग दोन महिने रेघ आडवी गेली किंवा खाली वळली, तर डॉक्टरांना दाखवायचं. वजन अंगणवाडीतही होतं.

‘आशा’, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेची कार्यकर्ती, घरी आली की तिला दारातूनच ‘सगळं ठीक आहे’ म्हणून परत पाठवू नका. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते, पुढे पंधरा महिन्यांपर्यंत दर तीन महिन्यांनी. नवजात बाळाला घरी जाऊन बघण्याची ही पद्धत आपल्याच गडचिरोलीतून आली आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथल्या खेड्यांत 1990च्या दशकात ती उभी केली, आणि 1999 साली त्या कामाचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

बाळ महिना-दोन महिने आधी जन्मलं असेल तर पहिली दोन वर्षं त्याचं वय मोजताना तेवढे आठवडे वजा करा. सातव्या महिन्यात जन्मलेलं बाळ ‘अजून बसत नाही’ म्हणून रडणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. हिशेबच चुकलेला असतो. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या.

पहिले सहा महिने: चेहरा हेच खेळणं

दोनेक महिन्यांचं बाळ तुमच्याकडे बघून हसतं. तुम्ही ‘अगं बाई, कोण हसलं?’ म्हणता, ते हुंकार देतं, तुम्ही पुन्हा बोलता. संभाषणाची सुरुवात इथे होते. यात करायचं एकच: आपलं बोलून झालं की थांबायचं. आपण मोठी माणसं एकटीच बडबडत सुटतो आणि बाळाला त्याची पाळी देतच नाही. मनात पाच अंक मोजा. बाळ पाय झाडेल, ओठ हलवेल, ‘ऊं’ करेल. तेच त्याचं उत्तर.

रडलं की लगेच उचलल्याने बाळ ‘अंगवळणी पडतं’, बिघडतं, असं तुम्हाला पन्नास जण सांगतील. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला खुशाल उचला. आपण हाक मारली की कोणीतरी येतं, एवढं त्याला कळतं, आणि ते कळायलाच हवं.

झोपवताना पाठीवर, जागं असताना पोटावर. जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं असं की अजून रांगत नसलेल्या बाळाला दिवसभरात मिळून निदान अर्धा तास पालथं ठेवावं. एका दमात नाही, दोन-दोन, तीन-तीन मिनिटं. सतरंजी अंथरा, तुम्हीही समोर पालथे पडा. मानेला जोर येतो तो असा.

आता आजीशी होणाऱ्या वादाचे विषय. काजळ डोळ्यांत नको. बाजारच्या काजळात शिसं असू शकतं. तीट हवी तर तळपायाला लावा, दृष्ट तिथूनही उतरते. पहिले सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही नको, पाणीसुद्धा नको. म्हणून बाळगुटी नको, आणि वर्षाच्या आत मध तर चाटवायचाच नाही. तेल लावून मालिश करायला हरकत नाही. त्या निमित्ताने आजी अर्धा तास नातवाशी बोलते, हा तर मोठाच फायदा. सगळ्याला नाही म्हणत बसलात तर जिथे खरंच नाही म्हणायचं आहे तिथलंही कोणी ऐकणार नाही. मी काजळ आणि मधावर अडून बसले, बाकीचं सोडून दिलं.

उष्टावण झाल्यावर

सहा महिने पूर्ण झाले की वरचं अन्न सुरू. अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू राहू द्या. नव्या आईबाबांची इथली नेहमीची चूक म्हणजे वरणाचं पाणी आणि भाताची पेज. बाळाचं पोट केवढं? त्यात पाणी भरलं तर जेवण कुठे मावणार? वरणाचं पाणी नको, घट्ट वरण द्या. चमचा वाकडा केल्यावर घास लगेच ओघळता कामा नये, इतपत घट्ट. मऊ भात-वरण-तूप, मुगाची खिचडी, नाचणीची खीर, कुस्करलेलं केळं, उकडलेलं रताळं, घरात चालत असेल तर अंडं. सुरुवातीला दोन-तीन चमचे, दिवसातून दोन-तीनदा. नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा, आणि मधे एखादं खाणं. वर्षाच्या आत मीठ-साखर घालायची गरज नाही. आपल्याला अळणी लागतं, त्याला लागत नाही.

दहाव्या महिन्यापासून ताटलीत चार मऊ तुकडे ठेवा आणि त्याला स्वतः उचलू द्या. अर्धं केसांत जाईल. खाली जुनं वर्तमानपत्र अंथरा. भरवणाऱ्याने पाहायचं ते एवढंच: तोंड उघडतंय का, मान फिरवतंय का. मान फिरवली की जेवण संपलं. ‘हा काऊचा, हा चिऊचा’ म्हणत एखादा घास जास्त गेला तर ठीक, पण पोट भरलेल्या पोराचं नाक दाबून तोंड उघडायला लावणं हा जेवणाशी आयुष्यभराचं वैर लावून देण्याचा खात्रीशीर मार्ग आहे.

एक बारीकसं, पण जिवावरचं. संक्रांतीला बोरन्हाण करतो ना आपण, त्यात बोरं, हरभरे, शेंगा, हलवा, उसाचे करवे मुलाच्या डोक्यावरून ओततो. वर्षाच्या मुलासाठी यातली प्रत्येक गोष्ट घशात अडकण्याजोगी. आम्ही चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्यांवर भागवलं. फोटो तेवढेच छान आले.

मेथीची जुडी

आता मूळ मुद्दा, आणि तो एका दुपारच्या प्रसंगावरून सांगते.

पुतणी वीस महिन्यांची. मी जमिनीवर बसून मेथी निवडत होते, ती शेजारी येऊन बसली. मी जुडीचा दोरा सोडला आणि एक काडी तिच्या हातात दिली. तिने पान ओढलं, आलं नाही. मी माझ्या काडीवरचं पान हळू खुडून दाखवलं. तिने पुन्हा ओढलं, या वेळी पान आणि निम्मी काडी हातात आली. ‘घे,’ म्हणाली. मी घेतलं. ‘अजून दे.’ तिने दुसरं दिलं. ‘घे.’ दहा-बारा पानं अशीच एकेक करून माझ्या हातात आली. मधेच तिला एक पिवळं पान सापडलं. ते तिने वर धरलं आणि नाक मुरडून म्हणाली, ‘शी.’

‘पिवळं झालंय ना ते? टाकून देऊ.’

तिने ते टाकलं, आणि मग पंधरा मिनिटं सगळ्या जुडीत फक्त पिवळी पानं शोधत बसली. प्रत्येक सापडलेल्या पानाला ‘पिव!’ हिरव्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एरवी पाव तासात होणारी मेथी चाळीस मिनिटांना झाली, दांड्या टोपलीत आणि पानं कचऱ्यात गेली, रात्रीच्या भाजीत थोडी माती लागली.

पण मोजा काय काय झालं ते. चिमटीत धरून खुडणं, म्हणजे पुढे पेन्सिल धरणाऱ्या बोटांचा व्यायाम. घे-दे, म्हणजे आळीपाळीने बोलणं. पिवळं वेगळं काढणं, म्हणजे वर्गवारी. ‘टाकून देऊ’ हे तिच्या एका शब्दाला मी जोडलेलं वाक्य. मी तिला काही ‘शिकवलं’ नाही. तिचं लक्ष जिथे होतं त्याबद्दल बोलले, एवढंच.

नव्या पालकांनी करायचं ते हेच. मूल बघतंय त्या वस्तूचं नाव घ्या. तो ‘भू’ म्हणाला की ‘हो, भूभू पळाला’ म्हणा. त्याच्या शब्दात आपल्या एक-दोन शब्दांची भर घाला. सारखं ‘हे काय? ते काय? सांग पाहू काकांना’ करू नका. ती तोंडी परीक्षा झाली, गप्पा नव्हेत. कपड्यांच्या घड्या घालताना मोजे जुळवायला द्या. अंघोळीला ‘आता पाय, आता गुडघा’. जिना चढताना पायऱ्या मोजा. पोळ्या करताना कणकेचा गोळा द्या. एकच गोष्ट रोज रात्री मागितली तर कंटाळा न करता तीच सांगा, आणि चौथ्या रात्री मुद्दाम एक शब्द चुकवा. ते कसं उसळून दुरुस्त करतं ते बघा.

मेथीऐवजी मटार किंवा हरभरे असतील तर मात्र डोळा हवा. ते नाकात घालणं हा या वयाचा आवडता प्रयोग असतो.

घरातल्या साध्या वस्तूंतून मुलं शिकतात हे काही माझं शहाणपण नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, त्या पानं, बिया, शंख-शिंपले आणि खडे घेऊनच. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळा मुलांच्या अंगणात गेली, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द आपल्याला मिळाला तो तिथून. सरकारी अंगणवाड्यांची योजना 2 ऑक्टोबर 1975ला सुरू झाली, ती त्यानंतर.

‘ॲपल खा, वॉटर पी’

यावर मला थोडं चिडूनच लिहावं लागेल. पुढे इंग्रजी शाळेत जायचं आहे म्हणून घरात अर्धवट इंग्रजी बोलणारे आईबाप सध्या सोसायटीत जागोजागी भेटतात. मूल ज्या भाषेत तुम्ही रागावता, लाड करता, कुजबुजता, त्या भाषेत भरपूर ऐकतं तेव्हा भाषा शिकतं. तुम्हाला ज्या भाषेत पन्नास शब्द सुचतात तिच्यात बोलू नका, पन्नास हजार सुचतात तिच्यात बोला. घरात दोन भाषा असतील, आई मराठी आणि बाबा कन्नड, किंवा तुम्ही बंगळुरूला-बर्लिनला असाल, तरी हरकत नाही. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलत नाही. आजीशी फोनवर बोलता येणारं नातवंड हवं असेल तर मराठी घरातच लागते, बाहेर ती मिळणार नाही.

मोबाईल: आमची चूक

थोरला चौदा महिन्यांचा असताना खात नव्हता. एके दिवशी समोर मोबाईल लावला, वाटीभर खिचडी पाच मिनिटांत संपली. आम्ही खूश. दोन महिन्यांनी परिस्थिती अशी की मोबाईल नसेल तर तोंडच उघडेना, आणि असेल तर आपण काय खातो आहोत हेही त्याला ठाऊक नसे. भूक लागली, पोट भरलं, हे ओळखायचं तो विसरला होता.

सोडवायला तीन आठवडे लागले. पहिले चार दिवस भयंकर, तो जेवलाच नाही म्हणा ना. आम्ही त्याला आमच्याबरोबर ताटावर बसवायला लागलो, स्वतःचे फोनही दुसऱ्या खोलीत ठेवले. हा दुसरा भाग जास्त जड गेला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019च्या सूचनांप्रमाणे दोन वर्षांच्या आत पडद्यासमोर बसवूच नये, दोन ते चार वर्षांत दिवसाला फार तर एक तास, त्याहून कमी तर उत्तम. परगावच्या आजोबांशी व्हिडिओ कॉल करू द्या, तिथे समोरून उत्तर देणारं माणूस असतं. जेवताना आणि झोपेआधी मात्र अजिबात नको. झोप एक-दोन वर्षांच्या मुलाला दुपारची धरून अकरा ते चौदा तास लागते. रात्री अकराला बाबा घरी येतात म्हणून पोराला जागं ठेवू नका, सकाळी लवकर भेटा.

थयथयाट

दीड ते तीन. भर बाजारात लोळण. त्याला खूप काही हवं असतं, सांगायला शब्द नसतात, आणि थांबायची ताकद अजून आलेली नसते.

भडका उडाला असताना उपदेश करू नका, त्या वेळी कानात काही जात नाही. सुरक्षित जागी न्या, शेजारी बसा, कमी बोला. ‘फुगा हवा होता. राग आला.’ बस्स. ओसरलं की पाणी द्या, जवळ घ्या. फुगा मात्र देऊ नका. एकदा लोळण्याला फुगा मिळाला की पुढच्या शनिवारी दुप्पट वेळ लोळेल. पुष्कळ भडके आधीच टळतात: भुकेल्या, झोपेला आलेल्या मुलाला बाजारात नेऊ नका. ‘शर्ट घाल’ऐवजी ‘लाल घालायचा की निळा?’ विचारा. ‘पाच मिनिटांत निघायचं’ त्याला कळत नाही, ‘अजून दोन घसरगुंड्या, मग घरी’ कळतं.

मारू नका. थोबाडीत बसलेलं मूल गप्प होतं ते भीतीने, आणि ताकद असली की मारायचं असतं हे लक्षात ठेवतं. बागुलबुवा, पोलीस, ‘डॉक्टर सुई टोचतील’ हेही बंद करा. पुढच्या लसीच्या वेळी त्याची किंमत तुम्हालाच मोजावी लागते. आणि तुमचा आवाज चढलाच, चढतोच कधीतरी, तर नंतर ‘बाबा ओरडला, चुकलं’ म्हणा. मुलं माफी मागायला अशीच शिकतात.

‘आमच्याकडे मुलं उशिराच बोलतात’

हे वाक्य ऐकलं की मला धडकी भरते. पुढचं लक्षात ठेवा: चार महिन्यांत मान धरली नाही, नऊ-दहा महिन्यांत आधाराशिवाय बसलं नाही, वर्षापर्यंत ‘बाबाबा-दादादा’ नाही आणि टाटा करत नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दीड वर्षाचं झालं तरी चालत नाही किंवा बोटाने दाखवत नाही, दोन वर्षांपर्यंत ‘पाणी दे’सारखे दोन शब्द जोडत नाही, तर थांबून बघू नका. हाक मारल्यावर वळत नसेल तर पहिली तपासणी कानाची. आणि येत असलेले शब्द किंवा नजरेला नजर देणं कोणत्याही वयात बंद पडलं, तर त्याच आठवड्यात दाखवा.

आमच्या नात्यातल्या एका मुलीच्या बाबतीत ‘काही मुलं उशिराच बोलतात’ पासून ‘हिचे काका पाचव्या वर्षी बोलले’ पर्यंत सगळं बोलून झालं, आणि अडीचाव्या वर्षी कळलं की तिला नीट ऐकूच येत नव्हतं. यंत्र बसल्यावर आता ती कोणालाच बोलू देत नाही.

तपासणी फुकट होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं आणि गरज असेल तर जिल्ह्याच्या ‘डीईआयसी’ केंद्रात, म्हणजे वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्रात, पाठवतं. खासगी बालरोगतज्ज्ञ असले तरी नुसत्या सर्दी-तापासाठी न जाता ‘याची वाढ वयाप्रमाणे आहे का, तेवढं बघा’ असं स्पष्ट म्हणा. गर्दीत ते आपणहून विचारलं जाईलच असं नाही.

आणि आई?

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस उगाच रडू येतं, ते बहुतेकींना येतं. दोन आठवड्यांनंतरही उदास वाटत असेल, बाळ जवळ घ्यावंसं वाटत नसेल, बाळ झोपलं तरी झोप लागत नसेल, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. 14416 हा ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, फुकट, मराठीतही बोलतात. नवऱ्यांनो, हा नंबर तुम्ही सेव्ह करा. आणि रात्रीचं एक दुपटं तुम्ही बदलायचं, ‘मदत’ म्हणून नव्हे, पोर तुमचंही आहे म्हणून.

तिसरं वर्ष भरलं की

बालवाडी बघायला जाल तेव्हा भिंतीवरची कार्टून बघू नका. मुलं जमिनीवर खेळताहेत की बाकांवर एबीसी गिरवताहेत, ते बघा. 2020च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात पहिलीचं वय सहा आहे, तोवर लिहिण्याची घाई नाही. बाईंना दोन प्रश्न विचारा: मूल रडलं तर काय करता, आणि शू झाली तर काय करता? उत्तर द्यायला त्या खाली वाकून तुमच्या मुलाशी बोलल्या तर प्रवेश घ्या. पहिले चार दिवस अर्धा तासच ठेवा, न सांगता पळून येऊ नका, ‘डबा खाऊन झाला की मी येते’ म्हणा आणि डबा संपायच्या आत फाटकाशी उभे राहा. दप्तरात चड्डीचे दोन जोड टाका. एक पुरत नाही.